पहिल्या पंगतीचा हट्ट

लग्नाच्या कार्यालयात पहिल्याच पंगतीला बसायचा हट्ट धरणारे काही लोक असतात. आमच्या नात्यात असे एक काका होते. अक्षता पडतात न पडतात तोच ते पानावर जाऊन बसत. भात जरा कच्चा असे, आमटी नीट उकळलेली नसे, गडबडीत वाढपी मीठ वाढायला विसरत. पण काका खूष. पहिल्या पंगतीला जेवलो, हे समाधान त्यांना जिलबीपेक्षा गोड लागे. अलीकडे मला या काकांची वारंवार आठवण येते, आणि तीही भलत्याच ठिकाणी. माझा भाचा मंदार कॉम्प्युटरसमोर बसून एखाद्या नव्या गेमच्या विक्रीची घटका मोजत असतो, तेव्हा.

हा लेख कॉम्प्युटरवरच्या खेळांविषयी आहे, हे आधीच सांगून टाकतो. माझ्या वयाच्या वाचकांना पान उलटायचे असेल तर त्यांनी खुशाल उलटावे. मात्र ज्यांच्या घरात पंधरा ते तिशीतले एखादे माणूस राहते त्यांनी थोडे थांबावे, कारण हा तीन-चार हजार रुपयांचा प्रश्न त्यांच्याही घरात वर्षातून दोन-तीनदा येत असणार.

प्रश्न असा. बरेचसे मोठे गेम आधी कन्सोलवर येतात. कन्सोल म्हणजे टीव्हीला जोडायचे, केवळ खेळासाठीच बनवलेले यंत्र. प्लेस्टेशन आणि एक्सबॉक्स ही त्यातली ठळक नावे. ज्यांच्याकडे साधा कॉम्प्युटर, म्हणजे पीसी, आहे त्यांनी वाट पाहायची. वर्ष, दोन वर्षे, कधी चार. मग एके दिवशी तोच गेम पीसीवर येतो, बहुधा पूर्ण किमतीला. तो त्याच दिवशी घ्यावा का?

आमच्यासारख्या घरांत कन्सोल सहसा येत नाही, कॉम्प्युटर येतो. कारण कॉम्प्युटर 'अभ्यासासाठी' असतो. पुढे मुलगा नोकरीला लागला की स्वतःच्या पगारातून त्यात महागडे ग्राफिक्स कार्ड बसवतो, आणि ते 'ऑफिसच्या कामासाठी' असते. प्लेस्टेशन ५ भारतात फेब्रुवारी २०२१ मध्ये विक्रीला आला तो ४९,९९० रुपयांना. एवढ्या पैशांत निव्वळ खेळायची वस्तू आणायची म्हटले तर घरात सभाच भरेल. तेव्हा वाट पाहणे आपल्या मुलांच्या नशिबी असते, आणि वाट पाहून पाहून आलेल्या वस्तूवर माणूस झडप घालतो. स्कूटरसाठी नंबर लावून वर्षानुवर्षे बसलेली माझी पिढी हे ओळखते. गाडी दारात आली तेव्हा तिचा ब्रेक तपासून पाहण्याइतके भान आमच्यापैकी कितीजणांना होते?

माझे मत विचाराल तर घेऊ नये. पण हे मत मी जितक्या ठामपणे पूर्वी सांगत असे तितक्या ठामपणे आता सांगत नाही. त्याचे कारण पुढे येईल.

बँकेत हयात घालवलेल्या माणसाला मत बनवण्यापूर्वी खातेउतारा पाहायची खोड असते. मंदारला विचारून विचारून मी एक दोनशे पानी वही केली आहे. पहिल्या रकान्यात गेमचे नाव, दुसऱ्यात तो कन्सोलवर आल्याची तारीख, तिसऱ्यात पीसीवर आल्याची, चौथ्यात शेरा. मंदारचे मित्र या वहीची थट्टा करतात, आणि काही घ्यायचे असले की हळूच येऊन बघून जातात.

वहीतले पहिले पान रॉकस्टार या कंपनीचे आहे. 'ग्रँड थेफ्ट ऑटो ४' कन्सोलवर एप्रिल २००८ मध्ये आला, पीसीवर डिसेंबर २००८ मध्ये. शेरा: बोजड, चांगल्या यंत्रांवरही अडखळणारा. त्याचाच पुढचा भाग, पाचवा, सप्टेंबर २०१३ मध्ये कन्सोलवर आणि एप्रिल २०१५ मध्ये पीसीवर. शेरा: उत्तम. मग 'रेड डेड रिडेम्प्शन २' ऑक्टोबर २०१८ मध्ये कन्सोलवर आणि नोव्हेंबर २०१९ मध्ये पीसीवर आला, आणि पहिले काही दिवस कित्येकांच्या यंत्रावर तो सुरूच होईना. याच मालिकेतला २०१० सालचा आधीचा गेम पीसीवर यायला ऑक्टोबर २०२४ उजाडला. चौदा वर्षे. रामाचाही वनवास एवढाच होता.

पुढचे पान सोनीचे. 'होरायझन झीरो डॉन' फेब्रुवारी २०१७ मध्ये प्लेस्टेशनवर, ऑगस्ट २०२० मध्ये पीसीवर. सुरुवातीला रडतखडत, पुढे दुरुस्त. 'गॉड ऑफ वॉर' एप्रिल २०१८ मध्ये तिकडे आणि जानेवारी २०२२ मध्ये इकडे. पहिल्या दिवसापासून देखणा चालला. 'द लास्ट ऑफ अस पार्ट १' सप्टेंबर २०२२ मध्ये प्लेस्टेशन ५ वर आला. पीसीसाठी मार्च २०२३ च्या सुरुवातीची तारीख दिली होती, ती पुढे ढकलून २८ मार्च केली. म्हणजे मुदतवाढही घेतली. तरीही तो आला तेव्हा अनेकांच्या यंत्रांवर मधेच बंद पडत होता, आणि कंपनीला पुढे एकामागून एक पॅच, म्हणजे दुरुस्त्या, द्याव्या लागल्या.

या नोंदींवरून पहिली गोष्ट दिसते ती अशी, की उशीर झाला म्हणजे काम काळजीपूर्वक झाले असे मुळीच नाही. दुसरी अशी, की कंपनीचे नाव हे तारण होऊ शकत नाही. कारागिराचेही नाही. नेदरलँड्समधली निक्सेस ही मंडळी या पीसीकरणाच्या कामात वाकबगार मानली जातात. त्यांनी ऑगस्ट २०२२ मध्ये 'स्पायडर-मॅन' पीसीवर आणला तो लोकांनी डोक्यावर घेतला. जानेवारी २०२५ मध्ये त्याचाच दुसरा भाग आणला तेव्हा बंद पडण्याच्या तक्रारींचा पाऊस पडला. सुगरणीचीही एखाद दिवशी भाकरी करपते. फरक इतकाच, की घरात करपलेल्या भाकरीचे कोणी चार हजार मागत नाही.

असे का होते, हे मला कळले ते मात्र गेममुळे नव्हे, बँकेमुळे. दोन हजारच्या दशकात आमच्या बँकेचे कोअर बँकिंगवर स्थलांतर झाले तेव्हा मी कोकणातल्या एका शाखेचा व्यवस्थापक होतो. मुंबईच्या मुख्य कार्यालयात नवी प्रणाली सुरळीत चालत होती. तिथे वातानुकूलित खोली, एकाच जातीची यंत्रे आणि हाताशी जाणकार माणसे. तीच प्रणाली आमच्याकडे आली तेव्हा वीज दर तासाला डोळा मारणारी, प्रिंटर तीन कंपन्यांचे, आणि पाऊस पडला की संपर्क तुटलेला. पहिल्या सोमवारी पेन्शनवाल्यांची रांग दारापर्यंत गेली. एका निवृत्त शिक्षकांच्या पासबुकावर शिल्लक शून्य उमटली. ते काही बोलले नाहीत, खुर्चीत बसले आणि त्यांनी पाणी मागितले. मी जुने लेजर काढून त्यांची शिल्लक बोटाने दाखवली तेव्हा कुठे त्यांच्या चेहऱ्यावर रंग आला. आम्ही जुन्या वह्या आणि नवी प्रणाली काही आठवडे समांतर चालवत होतो म्हणून निभावले.

पीसीवर गेम आणणे म्हणजे असेच स्थलांतर. प्लेस्टेशन ५ कोणाच्याही घरातला असो, त्यातली चिप ठरलेली. कारागिराला नेमके ठाऊक असते, की आपला गेम कशावर चालणार आहे. पीसीचे तसे नाही. कोणाचे कार्ड पाच वर्षे जुने, कोणाचे काल घेतलेले; कोणाची मेमरी आठ जीबी, कोणाची बत्तीस. कन्सोलमध्ये मुख्य प्रोसेसर आणि चित्र काढणारा प्रोसेसर एकाच मोठ्या मेमरीच्या कोठारातून घेतात. पीसीत ग्राफिक्स कार्डाचे कोठार वेगळे आणि बहुतेकांच्या घरी लहान. त्यात माल मावला नाही की चित्र अडखळते.

आणखी एक भानगड आहे शेडरची. प्रकाश, सावली, पाण्याची चमक कशी काढायची याच्या बारीकसारीक आज्ञांना शेडर म्हणतात. कन्सोलवर यंत्र एकच असल्यामुळे या आज्ञा कारखान्यातूनच तयार होऊन येतात, म्हणजे दळलेले पीठच पाकिटातून मिळते. पीसीवर प्रत्येकाचे जाते वेगळे. त्यामुळे धान्य मिळते आणि दळण घरी करावे लागते. ग्राफिक्स कार्डाचा ड्रायव्हर बदलला की पुन्हा दळण. काही गेम हे दळण सुरुवातीला एकदाच करून घेतात, तेव्हा अर्धा-अर्धा तास पडद्यावर टक्केवारी सरकताना बघत बसावे लागते. काही गेम आधी करत नाहीत आणि मग ऐन लढाईत जाते फिरवतात.

आता कोणी म्हणेल, नाही आवडले तर पैसे परत मिळतातच की. मिळतात. स्टीम या सर्वांत मोठ्या दुकानाने जून २०१५ पासून नियम केला, की खरेदीपासून चौदा दिवसांच्या आत आणि दोन तासांपेक्षा कमी खेळले असाल तर रक्कम परत. नियम उदार आहे, त्याबद्दल वाद नाही. पण गेमच्या आत चाललेले ते दळणही या दोन तासांतच धरले जाते. शिवाय गेमची सुरुवात बहुधा बंदिस्त जागेत होते. एक खोली, एक बोळ, एखादी बोट. मोठे शहर, गर्दी, पाऊस हे सारे तिसऱ्या-चौथ्या तासाला येते, आणि यंत्राची कसोटी तिथे लागते. घर बघायला गेलो तर दिवाणखाना दाखवला, गच्ची गळते हे पावसाळ्यात कळले, अशातला प्रकार.

खरेदीदारांनी ताठरपणा दाखवला तर काय होते, याचेही उदाहरण वहीत आहे. २३ जून २०१५ रोजी 'बॅटमॅन: आर्कम नाइट' कन्सोल आणि पीसी दोन्हींवर एकाच दिवशी आला. पीसीची आवृत्ती इतकी सदोष होती, आणि पैसे परत घेणाऱ्यांची झुंबड अशी उडाली, की वॉर्नर ब्रदर्सला दोन दिवसांत पीसीवरची विक्रीच थांबवावी लागली. ती पुन्हा सुरू झाली ऑक्टोबरच्या अखेरीस. याउलट 'नीअर: ऑटोमाटा' हा मार्च २०१७ मध्ये पीसीवर आलेला गेम. त्याच्यातले ढळढळीत दोष दूर करणारा अधिकृत पॅच जुलै २०२१ मध्ये आला. मधली चार वर्षे लोक एका चाहत्याने फुकट करून दिलेल्या दुरुस्तीवर खेळत होते. म्हणजे पूर्ण किंमत कंपनीला आणि दुरुस्ती शेजाऱ्याकडून.

इथपर्यंत माझी बाजू भक्कम आहे. आता ती दिवाळी सांगतो.

मंदारची धाकटी बहीण ऋचा मिरजेला असते. ती तेव्हा अकरावीत होती. दोघे लहानपणापासून एकाच कॉम्प्युटरवर जोडीने खेळत. कीबोर्ड त्याच्याकडे, माऊस तिच्याकडे. तो चालणार, ती बघणार. तो पळणार, ती नेम धरणार. कन्सोलच्या एका रिमोटवर हे जमायचे नाही. म्हणून तर दोघांना पीसीची आवृत्ती हवी असायची. एका गेमची त्यांनी अशी दोन वर्षे वाट पाहिली होती, आणि तो नेमका त्या वर्षी दिवाळीच्या सुमारास येणार होता. मंदारने तो ऋचाला भाऊबीज म्हणून कबूल केला.

मी माझ्या सवयीप्रमाणे वही उघडून म्हटले, "महिनाभर थांब."

तो म्हणाला, "मामा, ती भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी परत जाणार. मग तिची बारावी, मग नीट. मी कोणासाठी थांबू?"

मला उत्तर सुचले नाही. त्याने गेम घेतला. पहिल्या संध्याकाळी दळण झाले, सुरुवात झाली, दोघे एका पुलापर्यंत पोहोचले आणि पडदा गोठला. पुन्हा सुरू केले, पुन्हा त्याच पुलावर गोठला. दोन तास कधीच उलटून गेले होते. पुढचे तीन दिवस मंदार ड्रायव्हर बदलत होता, फाइली पुसत होता, मित्रांना फोन करत होता. ऋचा त्याच्या शेजारी माऊसवर हात ठेवून बसलेली असे. नंतर नंतर ती मामीबरोबर चकल्या खात गप्पा मारू लागली. ठरल्या दिवशी ती मिरजेच्या गाडीत बसली. पॅच आला तेव्हा मार्गशीर्ष चालू होता.

गेमचे नाव मी मुद्दाम लिहीत नाही. पुढे तो दुरुस्त झाला, लोकांनी नावाजला. आमच्या घरातला राग त्याच्या कपाळी कायमचा चिकटवण्यात अर्थ नाही. मला खरी टोचणी आहे ती वेगळीच. ऋचाला सोडून आल्यावर मी मंदारला म्हणालो, "मी सांगितलं होतं." आयुष्यभर थकीत कर्जदारांशी बोललो, त्यांच्यापैकी एकालाही मी हे वाक्य ऐकवले नव्हते. भाच्याला ऐकवले. तो गेम त्याने अजून उघडलेला नाही.

तेव्हापासून मी 'थांबा, त्यात काही जात नाही' हे म्हणणे सोडले. थांबण्यात जाते. सुट्टी जाते, वय जाते, बरोबर खेळणारे माणूस दुसऱ्या गावी जाते. सगळे मित्र एकाच आठवड्यात एकाच गोष्टीबद्दल बोलत असतात, त्यात नसण्याचेही एक दुःख असते. गणेशोत्सवातले गाजलेले नाटक दिवाळीत एकट्याने बघितले तर नाटक तेच असते, पण बरोबरची गर्दी नसते. एवढे सगळे मान्य करूनही माझे मत 'घेऊ नये' असेच राहते, कारण त्या दिवाळीत मंदारची चूक घाई ही नव्हती. जी वस्तू अजून कोणी वापरून पाहिली नव्हती तिचे त्याने वचन दिले, ही चूक होती. भाऊबीजेला बहिणीला साडी देतात, मागावरची देत नाहीत. त्याच आठवड्यात दोन वर्षांपूर्वीचा, सगळ्या दुरुस्त्या झालेला आणि दिवाळीच्या सवलतीत निम्म्या किमतीला पडलेला एखादा गेम त्या दोघांनी त्याच कीबोर्ड-माऊसवर खेळला असता तर चार संध्याकाळी सार्थकी लागल्या असत्या. हे मला त्या वेळी सुचायला हवे होते. सुचले नाही. मी फक्त 'थांब' म्हणालो.

मंदारचा दुसरा मुद्दा असतो, की सगळेच थांबले तर कंपन्या म्हणतील पीसीवर कोणी घेत नाही, आणि गेम आणणेच बंद करतील. हा युक्तिवाद मी टेबलाच्या अलीकडे बसून पुष्कळ ऐकला आहे. 'साहेब, कर्ज वाढवून दिलं नाहीत तर कारखाना बंद पडेल आणि आधीचंही बुडेल.' कधीकधी ते खरेही असायचे. पण माल पाहिल्याशिवाय मी रक्कम सोडत नसे. शिवाय विक्री काही पहिल्याच दिवशी संपत नाही. चांगला निघालेला गेम वर्षानुवर्षे खपत राहतो. आणि आगाऊ नोंदणीचे तर मला हसूच येते. रेशनच्या दुकानात साखर संपायची म्हणून आम्ही पहाटे पिशवी ठेवून नंबर लावत होतो. डाउनलोड करायची वस्तू संपते कशी?

अर्थात सगळ्यांनीच दुसऱ्या पंगतीला बसायचे ठरवले तर पहिली पंगत उठणार कशी, हाही प्रश्न आहेच. चार लोकांनी पहिल्या दिवशी घेऊन दोष दाखवले म्हणून तर पुढे पॅच आले. ज्यांच्या खिशाला चार हजार जड नाहीत, आणि ज्यांना बिघाड शोधण्यातच गंमत वाटते, त्यांनी जरूर घ्यावा. असे दोन इसम मंदारच्या कंपनीत आहेत. त्यांच्याकडून तो महिनाभर बातमी काढत असतो. आपल्यासारखेच कार्ड असलेल्या माणसाचे मत त्याला दहा परीक्षणांपेक्षा मोलाचे वाटते, आणि ते रास्त आहे.

एक अपवाद मी स्वतः करतो. पुण्यातल्याच नॉडिंग हेड्स गेम्स या छोट्या मंडळींचा 'राजी: अॅन एन्शंट एपिक' ऑगस्ट २०२० मध्ये निंटेंडो स्विचवर आला आणि त्याच ऑक्टोबरात पीसीवर. अशा लोकांचा गेम मी पहिल्या दिवशी घ्यायला सांगेन, अडखळला तरी. तिथे पहिल्या आठवड्यातली विक्री म्हणजे पुढचा पगार असतो. मोठ्या कंपनीला तीच सवलत द्यायची, हे मला अजून पटलेले नाही.

वहीत सध्या एक ओळ अर्धी आहे. 'ग्रँड थेफ्ट ऑटो ६' साठी कंपनीने नोव्हेंबर २०२५ मध्ये १९ नोव्हेंबर २०२६ ही तारीख जाहीर केली. प्लेस्टेशन ५ आणि एक्सबॉक्स यांची नावे दिली. पीसीचे नाव नव्हते. मी पहिले दोन रकाने भरले आणि तिसरा कोरा सोडला. ऋचा आता वैद्यकीय महाविद्यालयात आहे. परवा तिचा फोन आला होता, तेव्हा तिने आधी मामीची चौकशी केली आणि मग विचारले, "मामा, तुझ्या वहीत सहावा आलाय का?"

"तारीख नाही अजून. आणि आला तरी लगेच घ्यायचा नाही."

"नकोच. माझी इंटर्नशिप संपेपर्यंत मला वेळ नाही. मंदारला सांग, तोपर्यंत माऊसला हात लावू नकोस."

मंदार शेजारीच बसला होता. त्याने माझ्या हातातून पेन्सिल घेतली आणि तिसऱ्या रकान्यात ऋचाच्या इंटर्नशिपचे वर्ष लिहिले.